८५६ पानांचा कांट आणि त्याच्या जेवणाच्या टेबलावरचं हसू

उंबरठा (मूळ धागा):

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने २१ फेब्रुवारी १७७२ ला आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, मार्कस हर्त्सला, पत्र लिहून कळवलं की शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारं एक पुस्तक डोक्यात तयार होतंय आणि त्याचा पहिला भाग साधारण तीन महिन्यांत बाहेर काढतो. पुस्तक, म्हणजे 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन', आलं १७८१ ला! तीन महिन्यांची नऊ वर्षं झाली, मधल्या काळात ह्या प्राध्यापक माणसाने जवळजवळ काहीच छापलं नाही, लोक विचारतायत काय झालं हो तुमच्या पुस्तकाचं, आणि हा हर्त्सला पत्रांतून सांगतोय की होतंय, अडचणी आहेत पण होतंय. दिवाळी अंकांच्या संपादकांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा वाटेल.

आणि शेवटी जे आलं ते ८५६ पानांचं. रीगाच्या हार्टक्नोखने काढलं, लेखकाचं वय ५७. त्याहून मोठी गंमत पुढे आहे, १७८३ मध्ये तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनला लिहिलेल्या पत्रात कांट स्वतःच सांगतो की ह्यातला विचार बारा वर्षांचा आहे पण लिखाण चार-पाच महिन्यांत, जणू उडत्या पावलांनी, उरकलं, मजकुराकडे पूर्ण लक्ष दिलं पण वाचकाला सोपं जावं म्हणून फारशी मेहनत घेतली नाही. म्हणजे वाचकाला जे सहाव्या पानावर जाणवतं ते लेखकाने लेखी दिलेलं आहे. प्रस्तावनेत तर तो आबे तेरासाँ नावाच्या फ्रेंच माणसाचा हवाला देतो, की पुस्तकाची लांबी पानांवर न मोजता समजायला लागणाऱ्या वेळावर मोजली तर कित्येक पुस्तकांबद्दल म्हणता येईल की ती इतकी छोटी नसती तर बरीच छोटी झाली असती. हे वाक्य ८५६ पानांच्या तोंडाशी! आणि तिथेच हाही हिशोब देतो की उदाहरणं घालणार होतो पण पुस्तक आधीच फार मोठं झालं म्हणून काढून टाकली.

कांटवरचे विनोद नेहमी एकाच छापाचे असतात, माणूस कसला घड्याळच होता, रुक्ष होता, त्याचं पुस्तक म्हणजे झोपेचं औषध वगैरे. मला हे पटत नाही. योहान हर्डर १७६२ ते ६४ मध्ये त्याच्या वर्गात बसायचा, पुढे दोघांचं चांगलंच वाजलं, तरी हर्डरने लिहून ठेवलंय की ह्या शिक्षकाच्या जिभेवर थट्टा, कोटी, विनोद कायम हजर असायचा आणि त्याचं शिकवणं म्हणजे मजेदार गप्पा असायच्या. हा हसरा माणूस त्या जाडजूड पुस्तकातही आहे, आणि तो बरोबर तिथे भेटतो जिथे वाचणारा दमलेला असतो. ज्यांना कांटबद्दल काही ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं ही विनंती, मला हा माणूस मनापासून आवडतो आणि त्याला उगाच आठ्यांचा पुतळा करून ठेवलाय ह्याचं वाईट वाटतं.

चहाबिस्किट:

धागा मस्त! पण घड्याळाचे किस्से पण पाहिजेतच ना, ते सोडून कसं चालेल. पहाटे पाचच्या आत नोकर लाम्पे उठवायला यायचा, तो जुना शिपाईगडी, दारात उभा राहून ठणकवायचा की वेळ झाली, आणि कांटची त्याला सक्त ताकीद होती की मी कितीही गयावया केली तरी झोपू द्यायचं नाही. मग चहा, एक चिलीम, मग व्याख्यानं, एक वाजता जेवण आणि नंतर एकट्याने फिरायला. एकट्याने का, तर बाहेरच्या हवेत तोंड उघडून बोललं की गार हवा छातीत जाते, म्हणून नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंड बंद. मोज्यांसाठी नेहमीची बंधनं वापरली तर रक्त अडतं म्हणून त्याने खिशाजवळ छोट्या डबीत स्प्रिंग ठेवून तिच्यातून दोरी काढून मोजे वर धरायची यंत्रणाच बनवली होती!! शेजारचा कोंबडा आरवतो म्हणून राहती जागा बदलली, कारण कोंबड्याचा मालक कितीही पैसे देऊ केले तरी विकायला तयार नव्हता. नंतर स्वतःचं घर घेतलं तर जवळ तुरुंग निघाला, कैदी खिडक्या उघड्या टाकून मोठमोठ्याने भजनं म्हणायचे, ह्याने १७८४ मध्ये थेट नगराध्यक्षाकडे तक्रार केली की त्यांना जरा हळू आवाजात भक्ती करायला सांगा.

आणि जर्मन कवी हाइनेने १८३४ मध्ये लिहिलेलं तर प्रसिद्धच आहे, कांट राखाडी कोट घालून हातात काठी घेऊन दाराबाहेर पडला की शेजाऱ्यांना कळायचं बरोबर साडेतीन झाले, आणि आभाळ भरून आलं की मागे म्हातारा लाम्पे बगलेत छत्री घेऊन काळजीने चालतोय. हाइने पुढे म्हणतो की कांटने पहिल्या मोठ्या पुस्तकात देवाच्या अस्तित्वाचे सगळे पुरावे मोडून काढले, मग मागे वळून बघतो तर लाम्पेच्या डोळ्यांत पाणी, तेव्हा त्याला दया आली की ह्या गरीब म्हाताऱ्याला देव तर पाहिजेच, आणि म्हणून दुसऱ्या पुस्तकात देव परत आणला. हे मला जाम आवडतं.

जुनी_वही:

हाइनेचं लिखाण झकास आहे पण हाइने जन्मला १७९७ ला, कांट वारला १८०४ ला, त्यामुळे साडेतीनचं चित्र हे कवीने रंगवलेलं चित्र आहे एवढं लक्षात ठेवून वाचायचं. आणि ते चित्र म्हाताऱ्या कांटचं आहे.

तरुण कांट वेगळाच होता हो! बिलियर्ड्स इतकं छान खेळायचा की विद्यार्थीदशेत त्यातून थोडेफार पैसे सुटायचे. पत्ते खेळायचा. कपड्यांचा शौकीन, सोनेरी काठाचे कोट घालायचा, गावात त्याला लोक नटवा मास्तर म्हणून ओळखायचे, मेजवान्यांना बोलावणी यायची आणि स्वारी रात्री उशिराने घरी. बाप चामड्याचे पट्टे आणि घोड्याचा साज बनवणारा कारागीर, घरची परिस्थिती बेताची, आणि हा पोरगा स्वतःच्या जिभेच्या जोरावर गावातल्या सरदारांच्या टेबलापर्यंत पोचला होता.

मग हा घड्याळ कसा झाला? त्याचं श्रेय जातं जोसेफ ग्रीनला. ग्रीन हा इंग्लंडमधल्या हल गावचा, कांटच्या गावी, कोनिग्सबर्गला, येऊन स्थायिक झालेला व्यापारी, आणि खरा घड्याळी माणूस तो. हिप्पेलने (हाच तो पुढे नगराध्यक्ष झालेला हिप्पेल, ज्याच्याकडे भजनांची तक्रार गेली) १७६५ मध्ये घड्याळबरहुकूम जगणाऱ्या माणसावर एक विनोदी नाटक लिहिलं ते ग्रीनवरून. एकदा कांटने ग्रीनला सकाळी आठला गाडीतून फिरायला येतो असं सांगितलं, ग्रीन पावणेआठला घड्याळ हातात घेऊन खोलीत येरझारा, आठला दहा कमी असताना टोपी, पाच कमी असताना काठी, आठच्या ठोक्याला गाडीत आणि गाडी चालू. दोन मिनिटं उशीर झालेला कांट वाटेत समोरून येताना दिसला, हातवारे करून थांबा थांबा म्हणतोय, ग्रीनने गाडी थांबवली नाही. ठरलं होतं ते आठ.

आता महत्त्वाचं. याखमान नावाचा कांटचा विद्यार्थी आणि चरित्रकार लिहितो की कांटने स्वतः त्याला सांगितलं, क्रिटिकमधलं एकही वाक्य असं नाही जे मी आधी ग्रीनला वाचून दाखवलं नाही. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या इतिहासातल्या सगळ्यात अवघड पुस्तकाचा पहिला श्रोता एक व्यापारी आहे, कुठल्या विद्यापीठाशी संबंध नसलेला.

आणि त्यांच्या दुपारा कशा जायच्या ऐका. कांट ग्रीनकडे यायचा तर ग्रीन आरामखुर्चीत झोपलेला, कांट शेजारी बसून विचार करता करता झोपायचा, मग रुफमान नावाचा बँकेचा संचालक यायचा आणि तोही झोपायचा, शेवटी ठरलेल्या वेळी ग्रीनचा भागीदार मदरबी येऊन तिघांना उठवायचा आणि मग सातपर्यंत जोरदार चर्चा. वामकुक्षीला एवढी मोठी परंपरा आहे हे पुण्यातल्या दुकानदारांना कळवायला हवं.

अवखळ:

सगळे किस्से गोड आहेत, हसलो भरपूर, पण मूळ मुद्दा राहतोच की पुस्तक वाचवत नाही. आणि हे मी म्हणत नाहीये, कांटला ज्याच्या मताची सगळ्यात जास्त आशा होती त्या मेंडेल्सझोननेच कळवलं की हे तुमचं पुस्तक मज्जातंतूंचा रस शोषून घेणारं आहे आणि माझ्या तब्येतीला झेपत नाही, म्हणून बाजूला ठेवलंय. मेंडेल्सझोन म्हणजे त्या काळचा जर्मनीतला पहिल्या फळीतला तत्त्वज्ञ, तो हात टेकतो तर नोकरी करून रात्री वाचणाऱ्या माणसाने काय करायचं?

एक बोटांचा किस्सा पण सांगतात. कांटच्या एका जुन्या मित्राला कांटने विचारलं की माझी पुस्तकं वाचतोस का, तर तो म्हणाला वाचली असती पण बोटं पुरत नाहीत, तुझ्या वाक्यात एक अट येते तिच्यावर एक बोट ठेवतो, मग कंस येतो त्याच्यावर दुसरं, मग तिसरं, आणि पान उलटायच्या आत दहाही बोटं संपलेली असतात पण क्रियापद आलेलं नसतं. ह्यात लेखकाची चूक नाही का? मला वाटतं आहे. एवढं महत्त्वाचं सांगायचं होतं तर अजून वर्षभर थांबून नीट लिहायचं होतं, नऊ वर्षं थांबलाच होता की.

उंबरठा:

अवखळ, तक्रार रास्त आहे आणि ती तेव्हाही झाली. गावातला मित्र हामान, ज्याला छापखान्यातून येणारे कागद सगळ्यांच्या आधी वाचायला मिळत होते, तो म्हणाला की एवढं लठ्ठ पुस्तक लेखकाच्या अंगकाठीलाही शोभत नाही आणि शुद्ध बुद्धीच्या कल्पनेलाही शोभत नाही. कांट जेमतेम पाच फुटांचा होता, छाती आत गेलेली, एक खांदा वर, त्यामुळे टोला दोन्हीकडून बसला. पण तेवढं म्हणून झाल्यावर हामानने ते पूर्ण वाचलं आणि त्याच्यावर लिहिलंही.

पण वर्षभर थांबायचं होतं हे मला मान्य नाही. ५७ वर्षांचा, कायम तब्येतीची चिंता करणारा माणूस, बारा वर्षांचा विचार डोक्यात घेऊन फिरतोय, त्याला वाटलं असणार की आता उतरवलं नाही तर राहूनच जाईल. अवघड वाक्यं नंतर सोपी करता येतात, राहून गेलेलं पुस्तक कोण लिहिणार? आणि त्याने केलीही सोपी. १७८२ च्या जानेवारीत ग्यॉटिंगेनच्या नियतकालिकात निनावी परीक्षण आलं, त्यात ह्या पुस्तकाला उच्च कल्पनावाद (जग म्हणजे आपल्या मनातल्या कल्पनाच असं मानणारा विचार) असं काहीतरी म्हणून वाटेला लावलं होतं, कांट इतका भडकला की पुढच्याच वर्षी प्रोलेगोमेना हे छोटं पुस्तक काढलं आणि त्याच्या शेवटी परीक्षकाची हजेरी घेतली. तिथे तो म्हणतो, उच्च वगैरे मला म्हणू नका, उंच मनोरे आणि त्यांच्यासारखे उंच उंच तत्त्वज्ञ, दोघांच्याही भोवती वारा फार असतो, माझी जागा अनुभवाच्या सुपीक सखल जमिनीत आहे. चिडलेला माणूस इतकं सुंदर लिहितो!

मग १७८७ मध्ये मूळ पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, बरेच भाग नव्याने लिहिले, सोपं करायचं म्हणून. ती ८८४ पानांची झाली.

ठाणेकरीण:

वाचतेय, मजा येतेय. पण कोणीतरी मला सांगा ना की ८८४ पानांत आहे काय? लोकलमध्ये ठाणे ते सीएसएमटी एवढ्या वेळात वाचून होईल असं सांगा. आणि कृपया अवघड शब्द नकोत.

दिवाकर_मास्तर:

ताई, प्रयत्न करतो. मी शाळेत गणित शिकवायचो, तत्त्वज्ञानाचा माणूस नाही, पण ह्या पुस्तकावर माझं प्रेम आहे.

ह्यूम नावाचा स्कॉटिश माणूस म्हणाला होता की एका गोष्टीमुळे दुसरी होते असं जे आपण म्हणतो त्यात दिसतं काय, आधी हे घडलं मग ते घडलं एवढंच, "मुळे" कुठेच दिसत नाही, ती आपली सवय. कांट म्हणतो ह्यूमने मला झोपेतून जागं केलं. कारण "मुळे" ही नुसती सवय असेल तर न्यूटनचं सगळं शास्त्र हवेत. दुसरीकडे पंडितमंडळी एकही अनुभव न घेता नुसत्या तर्काने आत्मा, विश्वाचा आरंभ, ईश्वर सगळं सिद्ध करून मोकळी होत होती. कांटने दोघांनाही बसवलं आणि विचारलं की थांबा, ही बुद्धी नावाची गोष्ट मुळात किती लांब जाऊ शकते ते आधी तपासू.

त्याचं उत्तर असं की जग आपल्याला जसंच्या तसं मिळत नाही, ते अवकाश आणि काळ ह्या आपल्याच चौकटीतून मिळतं, आणि वर आपली बुद्धी त्यावर कार्यकारण वगैरे बारा साचे वापरते. म्हणून अनुभवाच्या जगात "मुळे" पक्कं आहे, ह्यूमची भीती खोटी. पण तेच साचे अनुभवाच्या बाहेर नेले की बुद्धी घसरते, पंडितांचीही सुट्टी. त्याचं कबुतर बघा, प्रस्तावनेनंतर लगेचच येतं: हलकं कबुतर उडताना हवेचा अडथळा सोसतं आणि त्याला वाटतं की हवाच नसती तर किती झक्क उडता आलं असतं. तत्त्वज्ञांचं असंच होतं म्हणतो, अनुभवाचा अडथळा नको म्हणून निर्वात पोकळीत उडायला जातात आणि एक इंचही पुढे सरकत नाहीत.

पुढे एके ठिकाणी, खूप दमल्यावर, तो म्हणतो की कुठला प्रश्न विचारावा हे कळणं हीच शहाणपणाची मोठी खूण, कारण प्रश्नच वेडगळ असेल तर विचारणाऱ्याची फजिती होतेच पण उत्तर देणारा पण वेडा ठरतो, आणि मग एकजण बोकडाची धार काढतोय आणि दुसरा खाली चाळणी धरून उभा आहे असं दृश्य दिसतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो, घरच्यांना सांगायला गेलो तर कोणाला कळेना की तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात बोकड कसा.

आणि मध्ये एक जागा आहे जिथे पान उघडलं की एका बाजूला सिद्ध केलंय की विश्वाला आरंभ आहे आणि समोरच्या बाजूला सिद्ध केलंय की आरंभ नाही, दोन्ही बाजू तितक्याच पक्क्या, शेजारी शेजारी छापलेल्या. असे चार जोड आहेत. गणिताच्या माणसाला हे बघून घाम फुटतो, कारण दोन्हीकडे खोट सापडत नाही. कांट म्हणतो खोट प्रश्नातच आहे, अख्खं विश्व ही वस्तू तुमच्या अनुभवात कधी येतच नाही. पुस्तकाच्या शेवटच्या भागाच्या सुरुवातीला तर तो हिशोबच मांडतो की आपण आभाळाला भिडणारा मनोरा बांधायला निघालो होतो, सामान मोजलं तर जेमतेम राहण्यापुरतं घर होईल एवढंच निघालं. ७०० पानं वाचकाला चालवल्यावर हे सांगायला धाडस लागतं, आणि मला ते घर फार आवडतं.

ठाणेकरीण:

मास्तर कमाल! घाटकोपरला वाचायला घेतलं आणि दादरला कबुतर समजलं. बोकड ऑफिसमध्ये सांगणार आहे, आमच्या मीटिंगांमध्ये रोज कोणीतरी चाळणी धरून उभं असतंच.

मंडालेची_पेन्सिल:

आपल्याकडचा दुवा कोणीच काढला नाही म्हणून लिहितोय. लोकमान्यांनी गीतारहस्यात कांटचा विचार घेतलाय, शुद्ध बुद्धी आणि आचरणाची बुद्धी ह्या भेदाची त्यांनी आपल्या व्यवसायात्मक (निर्णय करणाऱ्या) बुद्धी आणि वासनात्मक (इच्छा करणाऱ्या) बुद्धीशी सांगड घातली आहे. ते पुस्तक मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, चार-पाच महिन्यांत लिहिलेलं आणि छापलं गेलं १९१५ ला. विचार कित्येक वर्षांचा, लिखाण चार-पाच महिन्यांचं, पुस्तक अवाढव्य, कांटचंच सगळं गणित! दोघांची तुलना कोणी केलीय का माहीत नाही पण मला हे साम्य बघून भरून येतं.

अजून एक. क्रिटिकच्या शताब्दीला, १८८१ मध्ये, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं कोणी, तर मॅक्समुल्लरने, ज्याने ऋग्वेद छापला आणि जो स्वतःला मोक्षमूलर म्हणवायचा. त्याच मॅक्समुल्लरने १८९८ मध्ये टिळकांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सही केली होती. म्हणजे कांटचा भाषांतरकार आणि कांटचा मराठी वाचक एका अर्जावर भेटतात. आणि सौंदर्यशास्त्रात रस असेल त्यांनी रा. भा. पाटणकरांची सौंदर्यमीमांसा बघावी, तिथे कांट अगदी मध्यभागी बसलेला आहे, तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. मराठीत कांट वाचता येत नाही असं कोणी म्हणू नये.

ऱ्हाईनकाठचा:

इकडे जर्मनीत २०२४ ला कांटची ३०० वी जयंती झाली, बॉनमध्ये मोठं प्रदर्शन होतं, लोक रांगा लावून बघत होते. पण खरी धमाल त्याच्या गावात, कोनिग्सबर्ग आता रशियात आहे, कालिनिनग्राद. कांट पूर्व प्रशियाच्या बाहेर कधी गेला नाही, गाव मात्र त्याच्याखालून देश बदलून गेलं.

२०१८ मध्ये तिथल्या विमानतळाला कोणाचं नाव द्यायचं म्हणून मतदान होतं आणि कांट चांगला पुढे होता. तर एका व्हाइस अ‍ॅडमिरलने आपल्या नौसैनिकांना गोळा करून भाषण केलं की ह्या माणसाला मतं देऊ नका, ह्याने कसली तरी न समजणारी पुस्तकं लिहिली जी इथे उभ्या असलेल्या कोणी वाचली नाहीत आणि वाचणारही नाहीत. कांटच्या पुतळ्यावर गुलाबी रंग पण ओतला. शेवटी नाव कोणाचं लागलं, तर रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचं.

आता ऐका. सात वर्षांच्या युद्धात रशियाने कोनिग्सबर्ग घेतलं होतं, तेव्हा १७५८ मध्ये तर्कशास्त्राची जागा रिकामी झाली म्हणून कांटने ह्याच एलिझाबेथला अर्ज केला होता. जागा बुक नावाच्या दुसऱ्या माणसाला मिळाली आणि कांटला प्राध्यापकपद मिळायला १७७० उजाडलं, वय जवळजवळ ४६. म्हणजे त्याच बाईपुढे तो २६० वर्षांनी परत हरला!! विमानतळाचं ठीक आहे, ज्या माणसाने आयुष्यात लांबचा प्रवास केला नाही त्याच्या नावाचा विमानतळ नसला तरी चालतं. पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन त्याने एकदा इतकं तंतोतंत केलं की एका इंग्रजाने विचारलं होतं तुम्ही लंडनला किती वर्षं होतात, तेव्हा कुठेतरी नाव लागायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

चहाबिस्किट:

+१०० ऱ्हाईनकाठचे! रशियावरून आठवलं, २०१३ मध्ये रोस्तोव्हला बिअरच्या रांगेत दोन माणसं कांटवरून भांडली, शब्दाने शब्द वाढला आणि एकाने रबरी गोळ्यांचं पिस्तूल काढून दुसऱ्यावर झाडलं. जिवावर बेतलं नाही हे बरं झालं. आपल्याकडे चौकात भांडणं होतात ती क्रिकेटवरून होतात, त्या रांगेत निदान विषय तरी भारी होता.

जुनी_वही:

बिअरचा विषय निघालाच आहे तर आता सुरतेचा विनोद सांगतो, कारण ह्या धाग्याला तोच लागतो. कांटने १७९० मध्ये तिसरं मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हसू का येतं ह्याची मीमांसा आहे, ताणलेली अपेक्षा एकदम फुस्स होऊन शून्य झाली की माणूस हसतो असं तो म्हणतो. आणि उदाहरणादाखल चक्क विनोद सांगतो. सुरतेला एका इंग्रजाच्या टेबलावर एक हिंदी माणूस बसलाय, बिअरची बाटली उघडली तसा सगळा फेस भसाभस बाहेर आला, हिंदी माणूस आश्चर्याने ओरडला. इंग्रज विचारतो, एवढं काय त्यात? तर हा म्हणतो, बाहेर कसा आला ह्याचं मला आश्चर्य नाही हो, तुम्ही हा आत कसा भरलात ते कळत नाही!

अजून एक तिथेच आहे. श्रीमंत नातेवाइकाचा वारस रडवेली माणसं भाड्याने आणतो आणि कुरकुरतो की ह्यांना दुःखी दिसण्यासाठी मी जेवढे जास्त पैसे देतो तेवढे हे जास्त खूश दिसतात. हे सगळं एका भल्यामोठ्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात, परिच्छेद ५४, कोणीही उघडून बघावं.

दिवाकर_मास्तर:

जुनी_वही, सुरतेच्या माणसाबद्दल मला जरा भांडायचंय, कांटशी. कांट त्याला अडाणी म्हणून सोडून देतो. माझ्या मते त्या टेबलावर सगळ्यात नेमका प्रश्न त्यानेच विचारला! फेस बाहेर येताना सगळ्यांना दिसतो, आत कसा गेला हे विचारायला डोकं लागतं.

आणि हाच प्रश्न कांटच्या ८५६ पानांचा आहे बघा. प्रत्येक बदलाला कारण असतं हे आपल्याला आधीपासून, न बघता, पक्कं माहीत असतं, हा पक्केपणा आपल्या ज्ञानातून भसाभस बाहेर येताना रोज दिसतो, मग तो आत गेला कसा? दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कांटचं उत्तर आहे की वस्तूंबद्दल आपल्याला आधीपासून तेवढंच माहीत असतं जेवढं आपण स्वतः त्यांच्यात घातलेलं असतं. बाटली आपणच भरली होती! ९ वर्षं हर्त्सला होतंय होतंय म्हणत जो प्रश्न त्याने सोडवला तोच त्याने नंतर एका सुरतेच्या पाहुण्याच्या तोंडी विनोद म्हणून घातला, आणि मला नाही वाटत हे त्याच्या लक्षात आलं नसेल. मुलांना शिकवताना मी हाच विनोद आधी सांगेन.

अवखळ:

मास्तर, हे मात्र जबरदस्त आहे, ह्याच्यावर मी दोन दिवस विचार करतोय. ठीक, वाचायला घेतो. पण सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून गेलो की बोटं संपणार.

उंबरठा:

पहिल्या पानापासून जायचंच नाही. आधी दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना वाच, ती सरळ आहे आणि मास्तरांचं बाटलीवालं वाक्य तिथेच आहे. मग प्रास्ताविकात कबुतरापर्यंत जा. तिथून उडी मारून समोरासमोरच्या पानांवरचे चार जोड, आणि मग ईश्वराच्या पुराव्यांमधले शंभर थालर, तिथे कांट म्हणतो की शंभर खऱ्या नाण्यांत शंभर कल्पनेतल्या नाण्यांपेक्षा एक छदामही जास्त नसतो, पण माझ्या खिशाची परिस्थिती मात्र दोन्हीत फार वेगळी असते. मधला तो कुप्रसिद्ध भाग, साचे वस्तूंना लागू का होतात ते सिद्ध करणारा, तो शेवटी, आणि सोबत कोणीतरी पाहिजे. त्या काळच्या वाचकांनाही सोबत लागली, १७८४ मध्ये शुल्त्स नावाच्या धर्मोपदेशकाने सोपं विवरण लिहिलं, १७८६ मध्ये श्मिडने कांटच्या शब्दांचा कोशच काढला, आणि राइनहोल्डने मासिकात पत्रं लिहून लिहून हे पुस्तक घराघरात पोचवलं.

फक्त एक सांगतो, फायहिंगरचं भाष्य घेऊ नकोस सुरुवातीला. दोन खंड, १८८१ आणि १८९२, हजारावर पानं, आणि तेवढ्यात तो कांटच्या पहिल्या सत्तरेक पानांच्या पुढे गेला नाही, तिथेच थांबला.

ठाणेकरीण:

मला पण यायचंय. रविवारी संध्याकाळी ऑनलाइन बसूया का, एका वेळी पाच-सहा पानं, मोठ्याने वाचायची, कांट ग्रीनला वाचून दाखवायचा तसं? कांटचा नियम होता ना की जेवायला माणसं तीनपेक्षा कमी नकोत आणि नवापेक्षा जास्त नकोत, आपण आत्ताच आठजण आहोत.

मंडालेची_पेन्सिल:

मी आहे. माझ्याकडे नॉर्मन केम्प स्मिथचं १९२९ चं भाषांतर आहे, कोणाकडे गायर आणि वुडचं १९९८ चं असेल तर ताडून बघता येईल. रविवारी सहा वाजता चालेल? ऱ्हाईनकाठचे, तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल, जर्मन मूळ तुम्ही उघडून बसा.

ऱ्हाईनकाठचा:

चालेल, सहा म्हणजे सहा. दोन मिनिटं उशीर झाला तर मी गाडी थांबवणार नाही.